मदत हवी आहे: खाऱ्या हवेतली अबार्थ पुंटो, ब्रेक आणि सस्पेन्शनमध्ये आधी कशाला हात घालू?

मंडळी नमस्कार. गाडी २०१६ ची फियाट अबार्थ पुंटो, सेकंडहँड घेतलेली, राहायला देवगड. ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी, १.४ टर्बो पेट्रोल, १४५ बीएचपी, चारही चाकांना डिस्क, आणि बनलेली आपल्याच रांजणगावला. लोकांना वाटतं साधी पुंटो आहे, पण दुसऱ्या गिअरमध्ये टर्बो उठला की कळतं काय चीज आहे ती. मला ही गाडी विकायची नाही, शेडमध्ये झाकून ठेवायची नाही, इथेच, याच हवेत, नीट चालवायची आहे. म्हणून सगळं सविस्तर लिहितोय, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिला त्रास ब्रेकचा. कोल्हापूरहून येताना राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरतो तेव्हा शेवटच्या वळणांना पेडल मऊ लागतं, नेहमीपेक्षा खाली जातं, दोनदा पंप केलं की परत वर येतं आणि खाली फोंड्यात जरा वेळ थांबलो की जसं काही झालंच नाही असं एकदम नॉर्मल. मी गिअरवरच उतरतो, दुसरा-तिसरा, सतत ब्रेकवर पाय ठेवून नाही. माझा अंदाज असा की हे पॅडचं नाही, ब्रेक ऑइलचं आहे. पॅड तापून फेड झाले असते, म्हणजे त्यांची पकड गेली असती, तर पेडल कडकच राहिलं असतं आणि गाडी थांबली नसती, इथे पेडलच स्पंजासारखं होतंय म्हणजे आत ऑइल उकळून वाफ होत असणार. डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना कमीत कमी २३० डिग्री सहन करतं, पण ते हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी पावणेचार टक्क्यांच्या आसपास गेलं की तोच आकडा १५५ वर येतो. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते तिथे ब्रेक ऑइलचं काय होत असेल. आधीच्या मालकाच्या सर्व्हिसच्या बिलांत ब्रेक ऑइल बदलल्याची नोंद कुठेच नाही.

दुसरा त्रास मागच्या डाव्या चाकाचा, आणि हा मला जास्त खुपतोय. ब्रेक फारसा न मारता नुसतं जामसंड्यापर्यंत जाऊन आलं तरी ती रिम हाताला चटका देते, बाकीची तीन कोमट. जॅक लावून चाक फिरवलं तर घासत घासत फिरतं. चाक उतरवून बघितलं, आतल्या बाजूचा पॅड जवळजवळ पत्र्याला टेकलाय आणि बाहेरचा अर्ध्याच्या वर शिल्लक. कॅलिपर, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, ज्या दोन पिनांवर सरकतो त्यातली वरची कशीबशी हलते, खालची अजिबात नाही, तिचं रबरी बूट फाटलंय आणि आत ग्रीसच्या जागी लाल भुकटी, आधी वाटलं जांभ्याची माती आहे पण बोटावर चोळली तर गंजच. काही महिन्यांपूर्वी एका गॅरेजमध्ये मागचे पॅड नवे टाकून घेतले होते, त्यांनी पिना बाहेर काढून बघितल्याच नव्हत्या हे आता दिसतंय. इथल्या मेस्त्रींनी चाक बघितलं आणि सरळ सांगितलं, "ह्या हंयसर होवचा नाय, कोल्हापुराक न्हेय." ते दुसऱ्याचं काम बिघडवत नाहीत, म्हणून मला ते आवडतात, पण दरवेळी घाट चढून जाणं शक्य नाही आणि या ब्रेकवर तर मुळीच नाही.

तिसरं सस्पेन्शन. पुढचा उजवा शॉकअप गळतोय, नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर धूळ चिकटलेली. खराब रस्त्यावर पुढून खडखड येते, ती लिंक रॉडची (सस्पेन्शनला अँटी-रोल बारशी जोडणारी दांडी) आहे की शॉकअपच्या वरच्या माउंटची ते अजून पक्कं झालेलं नाही. मागून गाडी एकदा उसळली की दोन-तीन हेलकावे खाते. शॉकअप बदलायचेच आहेत तर चांगलेच टाकू असं मनात आहे. ओरिजिनल पद्धतीचे साधे टाकावेत, की बिलस्टाइन कंपनीचे बी६ म्हणजे गाडीची उंची तीच पण डॅम्पिंग (उसळी रोखणं) कडक, की गाडी खाली आणणारी लोअरिंग स्प्रिंग घालून त्यावर त्यांचेच बी८, की सरळ कॉइलओव्हर, म्हणजे चुड्या फिरवून उंची बदलता येणारा स्प्रिंग-शॉकअपचा एकत्र सेट? पुण्या-मुंबईची मित्रमंडळी कॉइलओव्हरच सांगतायत. पण मुळात ग्राउंड क्लिअरन्स १५५ मिलिमीटर, त्यात तीसने खाली गेली तर गावातले स्पीडब्रेकर आणि वाडीतली चढण मी पार कशी करणार, आणि खाऱ्या हवेत त्या कॉइलओव्हरच्या चुड्या दोन पावसाळ्यांनंतर फिरतील तरी का?

बजेट एकदम सगळं करण्याइतकं नाही, टप्प्याटप्प्याने करायचंय. समुद्राकाठी अशी गाडी ठेवणाऱ्यांनी जरूर सांगा. कॅलिपर रिपेअर होईल की नवाच घेऊ? ऑइल डॉट ४ च ठेवू की ५.१? आणि पावसाळ्यात गाडी चार-चार दिवस उभी राहते तेव्हा डिस्क सांभाळायची कशी?

---

प्रतिसाद (रत्नागिरी):

दादा, निदान बरोबर केलंयस. आता क्रम सांगतो. आधी ब्रेक, पूर्ण. सस्पेन्शनला त्यानंतर हात लाव, आणि तोवर घाट बंद.

कॅलिपर नवा घ्यायच्या आधी दोन गोष्टी बघ. चाक वर उचल आणि कॅलिपरवरून हँडब्रेकची केबल सोडव. चाक मोकळं झालं तर कॅलिपर बिचारा निर्दोष, केबल आतून गंजलीय, आपल्याकडे हे फार होतं. नाही झालं तर ब्लीड निपल (कॅलिपरवरचा ऑइल-हवा काढायचा छोटा स्क्रू) जरासं सैल कर, पिचकारी मारून ऑइल आलं आणि चाक सुटलं तर प्रेशर अडकतंय, म्हणजे रबरी होज आतून फुगलाय. तरीही नाही सुटलं तर मग पिना आणि पिस्टन. निपलवर आदल्या दिवशीच गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेव, इथे ती पटकन तुटतात आणि मग तेवढ्यासाठी कॅलिपर जातो. काम झालं की निपलवर रबरी टोपी हवीच.

पिना निघाल्या आणि त्यांना खड्डे पडलेले नसतील तर साफ करून नवे बूट घाल. ग्रीस सिलिकॉनचं, ब्रेकसाठी मिळतं तेच. बेअरिंगचं साधं ग्रीस लावलंस तर रबर फुगून पिन परत जाम. पिस्टनला खड्डे असतील तर मात्र रिपेअर किटच्या नादी लागू नकोस, नवाच घे. आणि मागचा पिस्टन आत घालताना सी-क्लॅम्पने दाबायचा नाही, तो फिरवत आत जातो, त्याचं टूल वेगळं मिळतं. तुझ्या मेस्त्रींकडे ते नसेल म्हणून ते नको म्हणाले असतील. टूल तू घे, काम ते करतील.

डिस्कच्या कडेला कमीत कमी जाडी कोरलेली असते ती वाचून मोजून घे. घासून घासून त्याच्याखाली गेली असेल तर लेथवर फिरवून उपयोग नाही.

ऑइल पूर्ण बदल. ५.१ चाललं असतं, नवं २६० आणि पाणी ओढल्यावर १८०, पण रोजच्या वापराला चांगल्या कंपनीचं डॉट ४ पुरे, फक्त दोन वर्षांनी बदलायचं, आपल्याकडे मी तर दर पावसाळ्यानंतर बदलतो. डॉट ५ चुकूनही नको, ते सिलिकॉनचं, यात मिसळत नाही. अर्धा डबा उरला तर पुढच्या वर्षासाठी ठेवू नकोस.

गाडी उभी ठेवताना हँडब्रेक ओढू नकोस, गिअरमध्ये ठेव आणि चाकाला दगड लाव. धुतल्यावर लगेच उभी करायची नाही, एक चक्कर मारून हलके ब्रेक मारत डिस्क सुकवायच्या. सकाळी वरवर तांबूस गंज दिसतो तो दोन-चार ब्रेकमध्ये जातो, त्याची काळजी नको.

सस्पेन्शनबद्दल माझं मत ठाम आहे, उंची कमी करू नकोस. लोअर केलेल्या गाडीचा आपल्या रस्त्यावर अर्धा प्रवास बंप स्टॉपवर (शॉकअप पूर्ण दाबला की टेकणारं रबर) जातो आणि मग महाग शॉकअपचा उपयोग काय. कॉइलओव्हर घ्यायचाच तर केडब्ल्यू कंपनीसारखा स्टेनलेस बॉडीचा, नाहीतर चुड्या धरतात, आणि तो तुझ्या बजेटबाहेर जाईल. बी६ किंवा चांगले साधे शॉकअप, चारही एकदम जमले नाहीत तर निदान जोडीने. पण त्याआधी लोअर आर्मचे (चाक धरणारा खालचा हात) रबरी बुश, लिंक रॉड, वरचे माउंट बघ. हे सैल असतील तर कडक शॉकअप घालून खडखडच वाढेल. आणि एक, लोअर आर्मचे बोल्ट गाडी जॅकवर असताना शेवटचे आवळू देऊ नकोस. चाकं जमिनीवर आली, गाडीचं वजन बसलं की मग टाइट. नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि नवे बुश वर्षभरात फाटतात. शेवटी अलाइनमेंट, तीही पुढचीच, मागे टॉर्शन बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा तुळईसारखा भाग) आहे, तिथे ॲडजस्ट करायला काही नाही.

---

धागाकर्ता:

भाऊ, मनापासून आभार. सकाळीच केबल सोडवून बघितली. चाक थोडं मोकळं झालं पण घासणं पूर्ण गेलं नाही, म्हणजे केबलही आणि पिनही दोन्ही दिसतंय. निपलवर स्प्रे मारून ठेवलाय. मेस्त्रींना टूलचं सांगितलं तर म्हणाले आणून दे, मग करूया. उंची आहे तीच ठेवायची हेही ठरलं.

आता उरलेला प्रश्न. बाहेर मिळणारे बी६ युरोपातल्या ग्रांदे पुंटोसाठी दाखवतायत. आपल्या अबार्थची उंची आणि स्प्रिंग वेगळे, तर तेच शॉकअप इथे कुणी प्रत्यक्ष बसवलेत का? मागच्या शॉकअपची पूर्ण उघडी आणि पूर्ण दाबलेली लांबी कुणी मोजली असेल तर कृपया इथे टाका, जुने काढले की माझी मापं मीही फोटोसकट टाकतो.