सायलोत मका मधोमध पडतो, गाभा तापतो: स्प्रेडर बसवावा का?

सिन्नर_फीडमिल
नमस्कार मंडळी. सिन्नरजवळ कोंबडीखाद्याचा कारखाना आहे. सपाट तळाचा, 6 मीटर व्यासाचा, 8 मीटर भिंतीचा स्टीलचा सायलो, म्हणजे धान्य साठवायची टाकी. माल वर चढवणारा एलिव्हेटर ताशी 20 टनांचा. मका येवला-लासलगाव बाजारातला, 13 टक्क्यांच्या आसपास ओलीचा. रोज पंखा चालवूनही मधला भाग गरम लागतो, बुरशीचा वास येतो. कडेचा माल मात्र उत्तम. काय बसवावं?

धान्यसाठा_अंबड
हा पंख्याचा दोष नाही, माल पडण्याच्या पद्धतीचा आहे. मधोमध पडलेल्या मक्याचा शंकू होतो. अख्खे दाणे उतारावरून घरंगळत भिंतीकडे जातात, कणी, चुरा आणि फोलपट मात्र पडल्या जागीच बसतात. तळापासून शेंड्यापर्यंत चुऱ्याचा खांब तयार होतो. हवा सोपी वाट धरते, म्हणजे कडेच्या स्वच्छ मक्यातून निघून जाते, आणि मधला खांब कोरडाच होत नाही.

शंकूही लहान नसतो. उतार 23 अंशांचा धरला तर तुमच्याकडे उंची सुमारे 1.27 मीटर, आत जवळपास साडेआठ टन माल.

स्प्रेडर म्हणजे पडणारा माल फिरून कडेपर्यंत पसरवणारं यंत्र. तो बसवण्याआधी दोन कामं करा. एलिव्हेटरच्या आधी 4.5 ते 5 मिमी छिद्रांची फिरती चाळणी लावा. निघालेला चुरा तुम्हाला नाहीतरी दळायचाच आहे, तो आधी वापरून टाका. दुसरं म्हणजे गाभा काढणं: दर 3 मीटर भरल्यावर तळाच्या मधल्या तोंडातून माल काढा, वर 2 ते 2.5 मीटर रुंदीचा उलटा शंकू दिसेपर्यंत. काढलेला माल पुन्हा त्याच सायलोत टाकू नका, थेट दळणाला घ्या.

फॅब्रिकेटर_सातपूर
वरचं बरोबर आहे. तरी स्प्रेडर हवा असेल तर मोटरवर चालणारा, वेग बदलता येणारा घ्या. मालाच्या वजनावर फिरणारा स्वस्त पडतो, पण बाजारातून गाड्या तुटक येतात तेव्हा एलिव्हेटर अर्धाच भरलेला असतो. प्रवाह कमी झाला की तो मंद फिरतो आणि पुन्हा मधोमध ढीग लावतो.

बसवताना सगळ्यात जास्त चूक नाळेत होते. एलिव्हेटरची नाळ, म्हणजे माल सायलोत सोडणारा पाइप, तिरकी येते, त्यामुळे माल आडव्या वेगाने आत शिरतो आणि एका बाजूला जास्त पडतो. स्प्रेडरच्या वर डेड बॉक्स नावाची पेटी लावा, त्यात माल आदळून वेग गमावतो, आणि त्याखाली सरळ उभा पाइप द्या. ओळंब्याने मध्य तपासा. एकतर्फी भरणी राहिली तर पातळ भिंतीवर असमान दाब येऊन पत्रा दबतो. स्प्रेडरची टांगणी छताच्या शिखराच्या रिंगला घ्या, छताच्या पत्र्याला कधीच नाही. तापमान मोजणाऱ्या केबल स्प्रेडरच्या फेकीच्या थेट मार्गात ठेवू नका.

पहिले 10 टन भरून थांबा, वरच्या तोंडातून टॉर्चने पाहा. कडेला उंच, मध्ये खोलगट दिसलं तर वेग कमी करा. मध्ये उंचवटा असेल तर वाढवा.

सिन्नर_फीडमिल
स्प्रेडर लावल्यावर पंखा तोच पुरेल ना?

धान्यसाठा_अंबड
तपासावं लागेल. समान पसरलेला माल जास्त घट्ट बसतो आणि चुरा सगळीकडे वाटला जातो, म्हणून हवेला अडथळा वाढतो. चाळणी आधी सांगितली ती यासाठीच. भिंतीपर्यंत भरून तुमचा साठा सुमारे 160 टन होतो. साठवणीतला माल थंड ठेवायला टनामागे मिनिटाला 0.1 घनमीटर हवा धरली तर मिनिटाला 16 घनमीटर लागेल. ही हवा स्प्रेडरनंतर वाढलेल्या दाबावर मिळायला हवी, पंख्याच्या पाटीवरचा, अडथळा नसतानाचा मोकळा आकडा चालणार नाही. पंख्याच्या मुखाशी यू-ट्यूब मॅनोमीटर (दाब दाखवणारी यू आकाराची नळी) लावून दाब मोजा आणि पंख्याच्या तक्त्याशी जुळवा.

फॅब्रिकेटर_सातपूर
आणि एक. पातळी पाहायला किंवा मध्ये अडकलेला माल काठीने पाडायला कुणालाही आत उतरवू नका, खालून काढणी चालू असताना तर मुळीच नाही. वाहता मका माणसाला काही सेकंदांत गुडघ्यापर्यंत ओढतो, मग स्वतःहून निघता येत नाही. आत जाणं टळतच नसेल तर एलिव्हेटर आणि काढणी दोन्हींचे स्विच कुलूपबंद, कमरेला दोर, तोंडाशी दुसरा माणूस. भरताना धूळ उडते, म्हणून तेव्हा जवळपास वेल्डिंग आणि ग्राइंडिंग पूर्ण बंद.