मोरसला गेलेला माणूस शोधायचा कसा? (पंढरपूर तालुका, अंदाजे १८५० ते १८६०)

भीमाकाठ
खापरपणजोबांचे धाकटे भाऊ "मोरसला गेले, परत आले नाहीत" एवढंच घरात सांगितलं जातं. नाव सखाराम, वडील बाबाजी. गाव पंढरपूर तालुक्यात, भीमेकाठी. साल कुणालाच नक्की माहीत नाही, पण रेल्वे यायच्या आधी गेले असं म्हणतात. मॉरिशसच्या नोंदींत "सोलापूर जिल्हा, सखाराम" असं शोधलं, काही हाती लागलं नाही. पुढे कुठे बघावं?

दप्तरखाना
मोरस म्हणजे मॉरिशसच, मोरस साखर तिथलीच. पण जिल्हा चुकीचा धरलाय. पंढरपूर आणि सांगोला सोलापूर जिल्ह्यात आले ते १८७१ ला, माळशिरस १८७५ ला. त्याआधी हा मुलूख साताऱ्याकडे. तेव्हा "सातारा" खाली बघा. (अक्कलकोटवाल्यांनी तर संस्थानाचं नाव शोधावं.) रेल्वे सोलापूरला १८६० मध्ये पोचली, म्हणजे त्याआधीचा माणूस चालत किंवा गाडीवाटेने मुंबई गाठणार. आधी तिथे मजुरी, मग गिरमिट (परदेशी मजुरीचा करार), असंही व्हायचं. जिल्ह्याच्या रकान्यात "मुंबई" दिसली म्हणून नोंद टाकून देऊ नका.

गिरमिटावर आलेल्या मजुरांच्या मूळ वह्या मॉरिशसमध्येच, मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. एका ओळीत क्रमांक, नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव-जिल्हा, अंगावरची खूण, जहाज, उतरल्याची तारीख आणि कोणत्या मळ्यावर पाठवलं, एवढं मिळतं. तारीख पोर्ट लुईला उतरल्याची असते, मुंबई सोडल्याची नव्हे. मुंबईची कागदपत्रं जुळवताना काही आठवडे मागे जावं लागतं.

मोडीवाचक
नावावर शोधणं हेच मुळात कच्चं काम. कारकुनाने कानाला लागलं ते इंग्रजी-फ्रेंच वळणाने उतरवलंय. "सखाराम" 'एस, यू, डबल सी' ने सुरू झालेला असू शकतो, "बाबाजी"च्या शेवटी 'डबल ई', "बापू"त 'डबल पी, डबल ओ'. कुणबी 'के'ऐवजी 'सी'खाली. आपल्याकडे विठोबाचा इठोबा होतो, म्हणून असली नावं 'आय' आणि 'ई' खालीही चाळायची. वयावर अजिबात भिस्त नको, पाच-सात वर्षं इकडेतिकडे धरा.

बापाचं नाव मात्र सोडू नका. आपल्या कागदांत "सखाराम बिन बाबाजी" (म्हणजे बाबाजीचा मुलगा) असतं, तीच जोडी तिकडे दोन रकान्यांत सापडते. आडनाव शोधत बसू नका. तिथल्या कित्येक मराठी घराण्यांत आजोबाचं नुसतं नावच पुढे आडनाव झालंय.

ऊसमळा
वरच्या दोघांचं बरोबर, पण खरी किल्ली क्रमांक आहे. उतरल्यावर दिलेला क्रमांक माणसाला जन्मभर चिकटायचा. मळा बदलला, नाव वेगळं लिहिलं गेलं, तरी क्रमांक तोच. लग्नाच्या, मृत्यूच्या आणि तिथे जन्मलेल्या मुलांच्या दाखल्यांवरही तो येतो. एका जहाजाची माणसं ओळीने नोंदवली जायची, आणि एका गावची माणसं बरेचदा टोळीनेच निघत. म्हणून संशयित सखाराम सापडला की त्याच्या पुढचे-मागचे दहा-दहा क्रमांक काढा. शेजारी पंढरपूर, मंगळवेढा, सांगोल्याकडची गावं असतील तर माणूस तुमचा असण्याची शक्यता वाढली. सगळे रत्नागिरीचे निघाले तर बहुधा दुसराच कुणी सखाराम.

नोंद मध्येच तुटली तर मेलाच असं धरू नका. मळा सोडून गेलेल्याला "फरारी" लिहायचे. पोलीस अशांना धरून भटक्यांच्या तुरुंगात टाकत, तिथल्या यादीत तोच क्रमांक पुन्हा उगवू शकतो. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या जुन्या मजुरांना फोटो लावलेला परवाना जवळ बाळगणं सक्तीचं झालं, त्यामुळे तोवर जिवंत असेल तर चेहराही मिळण्याची आशा आहे. त्याच साली हिवतापाच्या साथीत बेटावर माणसं हजारोंनी मेली, ते मृत्यूदाखले आधी तपासा. जहाजावरच वारला असेल तर क्रमांकच पडलेला नसतो. तेव्हा जहाजाची यादी हाच आधार.

भीमाकाठ
घरातल्या एका म्हातारीच्या मते ते "काळ्या पाण्याला" गेले. मग ते कैदी असतील का?

दप्तरखाना
मुंबई इलाख्यातून मॉरिशसला कैदी जायचे, पण ते १८१५ ते १८३७ या काळात. ते कागद निराळे, गिरमिटाच्या वह्यांत हे लोक येत नाहीत. तुमचं साल १८५० च्या पुढचं असेल तर हा धागा सोडा. समुद्र ओलांडला की लोक सरसकट काळं पाणीच म्हणायचे.

साल बांधायला आधी इकडचं काम करा. तहसीलच्या अभिलेख कक्षात गावाची जुनी पाहणी पत्रकं मागा. कागद मोडीत असणार, वाचणारा सोबत न्या. दोन भावांची नावं कुठवर येतात आणि कोणत्या सालापासून एकच उरतं, ते टिपा. त्या फटीच्या दोन्ही बाजूंची दोन-तीन वर्षं धरून मोक्याला पत्र लिहा. नुसतं "१८५० चं दशक" लिहिलंत तर शोधणाऱ्याला हजारो ओळी चाळाव्या लागतील. मुंबईत एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य अभिलेखागारात जायचं ते त्यानंतरच.

माढेकर
हेळवी विसरू नका. बैल घेऊन वंशावळ वाचायला येतात त्यांच्या चोपडीत बाबाजीचे सगळे मुलगे असायला हवेत. ज्या नावापुढे फांदीच नाही ते पान मोबाईलवर टिपून घ्या, आणि वाचताना ते तोंडी जे जास्तीचं सांगतील तेही रेकॉर्ड करा.