'सांता' म्हणजे आपला 'संत'च का?

'सांताक्लॉज'मधला 'सांता' हा आपलाच 'संत', असे अनेकदा सांगितले जाते. अर्थ जुळतो, व्युत्पत्ती मात्र जुळत नाही. मराठी 'संत' हा संस्कृत 'सत्' शब्दाच्या 'सन्तः' या अनेकवचनी रूपावरून आला असून त्याच्या मुळाशी 'अस्' (असणे) हा धातू आहे. युरोपीय भाषांतले शब्द मात्र लॅटिन 'सांक्टुस', म्हणजे पवित्र ठरवलेला, यावरून निघाले आहेत. उच्चारसाम्य हा निव्वळ योगायोग होय.

याहून गमतीचा प्रश्न लिंगाचा आहे. पोर्तुगीजमध्ये 'सांता' हे स्त्रीलिंगी रूप आहे. मुंबईतल्या 'सांताक्रूझ'मध्ये ते आले, कारण 'क्रूझ' (क्रूस) हा त्या भाषेत स्त्रीलिंगी शब्द आहे. मग दाढीवाल्या म्हाताऱ्याच्या नावात ते कसे शिरले? तर ते पोर्तुगीजमधून आलेलेच नाही. डच लोक संत निकोलसला 'सिंटरक्लास' म्हणतात आणि 6 डिसेंबर या त्याच्या स्मृतिदिनाच्या आदल्या संध्याकाळी मुलांना भेटी देतात. न्यूयॉर्कमधल्या डच वस्तीतला हा शब्द इंग्रजी जिभेवर घोळताना 'सांताक्लॉज' झाला. 1773 साली तिथल्या वृत्तपत्रात तो 'सेंट ए क्लॉज' असा, भलत्याच ठिकाणी तोडून, छापलेला आढळतो.

'क्लास' हे 'निकोलास'चे लाडके रूप आहे. मूळ ग्रीक नावात 'नीके' म्हणजे विजय आणि 'लाओस' म्हणजे लोक. त्यामुळे 'क्लॉज'मधला 'क' तेवढा विजयाचा, बाकी सगळे लोकांचे. हा निकोलस चौथ्या शतकात आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा येथे बिशप होता. हुंड्यावाचून अडलेल्या तीन बहिणींच्या घरात त्याने रात्री गुपचूप सोन्याच्या थैल्या टाकल्या, ही त्याची सर्वांत प्रसिद्ध आख्यायिका. हुंड्याची ही अडचण मराठी वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको. पुढच्या कथनांत ते सोने वाळत घातलेल्या मोज्यात पडले आणि मोजे टांगण्याच्या प्रथेला कारण मिळाले.

लेखनाबद्दल माझे मत असे की 'सांताक्लॉज' जोडूनच लिहावे. नुसते 'सांता' म्हणणे म्हणजे 'तुकाराम' वगळून 'संत' म्हणण्यासारखे आहे, पण ते आता रुळले आहे. 'नाताळ' हा शब्द आपण पोर्तुगीज 'नाताल'वरून घेतला, त्याचा मूळ अर्थ जन्माचा दिवस. पोर्तुगालमध्ये या म्हाताऱ्याला 'पाय नाताल' म्हणतात, आणि त्यातला 'पाय' म्हणजे बाप. तेव्हा मुलांसाठी वापरला जाणारा 'नाताळबाबा' हा शब्द त्याचाच शब्दशः जोडीदार ठरतो.