प्रमुखपदी सनदी अधिकारीच हवा, हे मला मान्य नाही

तापीकाठ (भुसावळ)

काल इथे एकाने लिहिलं की राज्याने पर्यावरण आणि सार्वजनिक आरोग्याचा संशोधन विभाग काढला, तर प्रमुख सनदी अधिकारीच असावा. कारण दिलं ते असं: "शास्त्रज्ञ पेपर लिहितात, अधिकारी काम करून घेतात. विज्ञान समजायला सल्लागार ठेवता येतात." खाली होकारांची रांग लागली. वाचून रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

मी नऊ वर्षं एका सरकारी संशोधन प्रकल्पात गावोगाव फिरून नमुने घेतले आहेत. कपाशीवर फवारणी करणाऱ्या सालदारांच्या आणि रोजंदारीवाल्यांच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज (नसांचं काम नीट चालायला लागणारं एक विकर) मोजायचं, हे काम. काही प्रकारची कीटकनाशकं अंगात भिनली की ते उतरतं. पण मूळ पातळीच माणसागणिक इतकी वेगळी असते की एकदाच रक्त काढून काही समजत नाही. हंगामाआधी एकदा काढायचं, हंगामात पुन्हा काढायचं, आणि त्या माणसाची तुलना त्याच्याशीच करायची. कॅलिफोर्नियात नियमच आहे: स्वतःच्या मूळ पातळीपेक्षा २० टक्के उतरलं की कामाची पद्धत तपासायची, लाल पेशींतलं ३० टक्के उतरलं की त्या माणसाला फवारणीवरून काढायचं.

दुसऱ्या वर्षी आमचे वरचे साहेब बदलले. नवे साहेब प्रामाणिक होते, कामाला वाघ होते, हे आधी सांगते. त्यांनी खर्चाचा तक्ता पाहिला आणि विचारलं, "फवारणी सुरूच झाली नाही तर आत्ता रक्त कशाला काढता?" मे-जूनचा खर्च कापला गेला. सल्लागार होते ना बैठकीत! दोघे होते. एकाने हळूच सांगून पाहिलं, दुसरा गप्प बसला. सप्टेंबरात आम्ही दोनशेवर नमुने घेतले, आकडे आले, आणि ते कशाशीच ताडून बघता आले नाहीत. एका वर्षाचं काम मातीत गेलं. चोपड्याकडच्या एका पावरा आदिवासी मजुराने मला विचारलं होतं, "ताई, माझं रक्त काय बोललं?" त्याला काय सांगणार होते मी?

२०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करता करता वीसहून जास्त माणसं गेली. तेव्हा मला तो मजूर आठवला.

म्हणून म्हणते, कोणता प्रश्न कोणत्या महिन्यात विचारायचा हे ज्याला स्वतःला कळतं, तोच प्रमुख हवा.

धुळेकर आप्पा

ताई, कालचं ते मीच लिहिलं होतं. एकतीस वर्षं महसूल आणि जिल्हा परिषदेत काढली आहेत, त्यामुळे शब्द मागे घेणार नाही.

तुम्ही एका साहेबाची गोष्ट सांगितली, मी एका शास्त्रज्ञाची सांगतो. पाण्यातल्या फ्लोराईडवर काम करायला एक मोठे तज्ज्ञ आमच्या तालुक्यात आले. चौदा गावांच्या बोअरचं पाणी नेलं. निकाल मागायला मी स्वतः तीन पत्रं लिहिली. उत्तर आलं की आधी नियतकालिकात छापून येऊ दे, मग देऊ. लोक दीड वर्षं तेच पाणी पीत होते. त्या जागी अधिकारी असता तर आठ दिवसांत हातपंपावर लाल रंग लागला असता.

आणि अहमदाबाद बघा. २०१३ चा उष्माघात कृती आराखडा देशात पहिला. तो चालवला कोणी? महापालिकेने. इशारे गेले, दवाखाने तयार राहिले, कामाच्या वेळा बदलल्या. हे प्रशासनाचं काम आहे.

तापीकाठ (भुसावळ)

आप्पा, पण अहमदाबादला आराखड्याची गरज आहे हे कळलं कशावरून? मे २०१० मध्ये तिथे नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाले. मृत्यूच्या दाखल्यावर "उष्माघात" लिहिलेले मोजून हा आकडा कधीच निघाला नसता. संशोधकांनी सगळ्या कारणांचे सगळे मृत्यू घेतले, आधीच्या-नंतरच्या वर्षांच्या मे महिन्याशी ताडले, तेव्हा तो दिसला. पुन्हा तीच गोष्ट: तुलना कशाशी करायची हे आधी कळावं लागतं.

तुमच्या त्या तज्ज्ञांनी मात्र चूक केली. लिटरमागे १.५ मिलिग्रॅमच्या वर फ्लोराईड निघालं तर त्याच संध्याकाळी गावाला सांगायला हवं होतं. त्याबद्दल त्यांची बाजू घेणार नाही.

डॉ. जळगाव

तुम्ही दोघे मुख्य माणूस विसरलात. प्रमुख डॉक्टर हवा, रुग्ण पाहिलेला. आमच्याकडे मे महिन्यात ४५ च्या वर पारा जातो तेव्हा बांधकामावरचा मजूर बेशुद्ध आणतात. अंगाला हात लावला तर चटका बसतो. वाटेतच गेला तर नातेवाईक म्हणतात छातीत दुखत होतं, आणि कागदावर हृदयविकार लागतो. मी स्वतः तरुणपणी असे दाखले लिहिले आहेत, कारण थर्मामीटर लावायच्या आधीच त्याच्यावर बादलीभर पाणी ओतलेलं असायचं. ही गोष्ट संख्याशास्त्र शिकून कळत नाही.

नळपाणी अभियंता

डॉक्टर, रुग्ण होऊच नये हे काम कोणाचं? नागपूरची नीरी १९५८ साली निघाली तेव्हा तिचं नाव केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था होतं. १९७४ मध्ये नाव बदललं, "पर्यावरण" आलं आणि "सार्वजनिक आरोग्य" हे शब्द गेले. माझ्या मते तिथूनच दुरावा वाढला: आम्ही नाल्याचं पाणी मोजतो, तुम्ही माणसाचं रक्त मोजता, आणि दोन्ही कागद एका टेबलावर कधी येत नाहीत.

केळीबाग रावेर

सगळे शहाणे बोलताय, मी एकच विचारतो. आमच्या भागात घरटी मुतखडा आहे. माझी स्वतःची दोन ऑपरेशनं झाली, मोठ्या भावाचं एक, आता पुतण्याला निघाला, वय बावीस. बोअरचं पाणी भांड्यात उकळलं की तळाला पांढरा थर धरतो. तोच थर मूत्रपिंडात धरतो, हे शेंबडं पोर सांगेल. त्याला विभाग कशाला नि प्रमुख कशाला? आधी पाणी द्या.

डॉ. जळगाव

भाऊ, तसं नाही होत. भांड्यातला थर वेगळा आणि मूत्रपिंडातला खडा वेगळा. जड पाण्याने खडे होतात असा ठोस पुरावा मिळालेला नाही. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे (ऑक्झलेट हा अन्नातून येणारा एक घटक), आणि जेवणातून कॅल्शियम पुरेसं मिळालं तर ऑक्झलेट आतड्यातच अडकतं. मोठं कारण पाणी कमी पडणं. दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं प्यायला सांगतो आम्ही. तुम्ही बागेत सकाळपासून किती पिता?

केळीबाग रावेर

म्हणजे चूक माझीच का? दोन वेळा पोटावर टाके पडले ते मला विचारा. घड कटाईच्या दिवशी ट्रक उभा असतो, हमाल उभे असतात, तिथे पाणी प्यायला घड्याळ लावून बसू? तुमच्यासारख्यांमुळेच आम्हाला डॉक्टर प्रमुख नको. ऐकायच्या आधीच पुरावा नाही म्हणून मोकळे.

यावलची सून

दादांचं बरोबर आहे. आम्ही चार वर्षं जार लावलाय, तेव्हापासून सासऱ्यांना त्रास नाही.

नळपाणी अभियंता

ताई, त्या जारवर कसली पट्टी आहे का? बंद बाटलीच्या पाण्याला अन्न सुरक्षेचा परवाना लागतो. आपल्याकडे गल्लोगल्ली गार पाण्याचे जार फिरतात त्यातल्या कित्येकांवर ना नाव ना तारीख. विकणारा टीडीएसचं (विरघळलेल्या क्षारांचं) मीटर बुडवून ५० दाखवतो आणि लोक खूश. त्या मीटरला जंतू दिसत नाहीत. नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. युरियाचा मारा असलेल्या बागायती पट्ट्यात विहिरीत आधी तेच बघायला हवं, आणि ते त्याला वेगळं ओळखता येत नाही. पाण्यात कोणते क्षार आहेत ते मीटर सांगत नाही, एकूण किती ते सांगतं.

जारवाला नाही, पण ओळखतो

जारवाल्यांवर कशाला घसरता? नळाला चार दिवसांआड पाणी येतं तेव्हा बारशाला, लग्नाला, दहाव्याला तोच येतो. त्याच्या पोटावर पाय द्यायला सगळे पुढे.

नळपाणी अभियंता

कोणाच्या पोटावर पाय द्यायचा नाही. त्याचं पाणी तीन महिन्यांनी एकदा तपासा आणि कागद टपरीवर लावा, एवढंच म्हणतोय.

धुळेकर आप्पा

आणि ती तपासणी करायला लावणार कोण? अधिकारी!

यावलची सून

आमच्याकडे आरओ पण होता आधी. एक हंडा गाळायला दोन हंडे मोरीत जायचे. उन्हाळ्यात ते बघवेना म्हणून काढला.

डॉ. जळगाव

जार लावला आणि सासऱ्यांचा त्रास गेला, यात एक गोष्ट सुटते. जार गार असतो, घरात समोर ठेवलेला असतो, म्हणून माणूस जास्त पितो. पाणी बदलल्याने गेला की पाणी वाढल्याने गेला?

तापीकाठ (भुसावळ)

थांबा. डॉक्टरांनी आत्ता विचारलं तोच संशोधनाचा प्रश्न आहे, आणि रावेरच्या दादांनी तो आणलाय, तर त्यांच्यावर ओरडू नका.

आंध्रात श्रीकाकुळमजवळ उद्दानम भागात शेतीतल्या माणसांची मूत्रपिंडं निकामी होतात. रक्तदाब-मधुमेहाने त्याचा उलगडा होत नाही. मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड मजुरांतही असंच दिसतं. तिथे उन्हातलं कष्टाचं काम आणि अंगातलं पाणी आटणं यावर बोट ठेवलं जातं. उद्दानमला पाणी, माती, औषधं सगळं तपासूनही एकच कारण हाती आलेलं नाही. दादा, म्हणून तुमचा प्रश्न क्षुल्लक नाही.

पण तो सोडवायचा कसा? एकाच विहिरीचं पाणी पिणारी घरं घ्यायची. त्यांतले काही जण बागेत उन्हात, काही किराणा दुकानात सावलीत. पाणी तेच, ऊन वेगळं. मग उलट: दोन्हीकडे बागेतलीच माणसं, पण एका गावाला धरणाचं पाणी, दुसऱ्याला बोअरचं. काढलेला खडा फेकायचा नाही, कशाचा आहे ते तपासायला पाठवायचा. दादा, तुमचा खडा तपासला होता का?

केळीबाग रावेर

नाही. डबीत घालून दिला होता, घरी कपाटात आहे अजून. दोन्ही ठेवलेत.

डॉ. जळगाव

तो जपून ठेवा. आणि मघाशी मी ऐकून न घेता बोललो. पाणी प्यायला फुरसत नसते, हे कारण मी लिहून घ्यायला हवं होतं, तुमच्यावर ढकलायला नको होतं.

केळीबाग रावेर

बरं. राग पूर्ण गेलेला नाही, पण बरं.

धुळेकर आप्पा

मूळ मुद्द्यावर या. शास्त्रज्ञ प्रमुख असला म्हणजे विभाग वाचतो का? अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचंच बघा. चॅपेल हिलला त्यांची प्रयोगशाळा, स्वयंसेवकांना मोजून ओझोन श्वासात देऊन फुप्फुसं तपासायची. सगळे शास्त्रज्ञ. जुलै २०२५ मध्ये वरून घोषणा झाली आणि अख्खं संशोधन कार्यालय बंद करायचं ठरलं. तुमची पदवी तिथे कामाला आली?

तापीकाठ (भुसावळ)

नाही आली. आप्पा, हे मला मान्य करावंच लागेल. आपल्याकडे भोपाळला तेच झालं. १९८४ च्या वायुगळतीनंतर आयसीएमआरने (केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने) सुमारे ८० हजार गॅसबाधितांची नोंद धरून पाठपुरावा सुरू केला, १९९४ ला अभ्यास थांबवले, आणि पर्यावरणीय आरोग्याची स्वतंत्र संस्था तिथे २०१० मध्ये उभी राहिली. मधली सोळा वर्षं परत मिळत नाहीत. लहान असताना वायू लागलेली मुलं तोवर बाप झाली होती.

तेव्हा माझी मागणी थोडी बदलते. प्रमुख शेतात-दवाखान्यात नमुने घेतलेला शास्त्रज्ञ हवा, मग तो डॉक्टर असो की अभियंता, आणि त्याला ठरलेल्या मुदतीआधी बदलता येऊ नये. त्याच्या हाताखाली, बरोबरीच्या मानाने, एक प्रशासकीय अधिकारी. अधिकाऱ्याने पैसा, माणसं, गाड्या बघाव्यात. कोणत्या महिन्यात रक्त काढायचं यावर त्याची सही नसावी. आणि धोक्याचा निकाल गावाला शोधनिबंध छापायच्या आधी मिळेल, हे लेखी.

धुळेकर आप्पा

"हाताखाली" हा शब्द मला टोचतो. मुदतीचं आणि निकालाचं लेखी असेल तर बाकी चालवून घेईन. पण खर्चाची एकही सही तुमच्या शास्त्रज्ञाकडे देणार नाही, लिहून ठेवा.

तापीकाठ (भुसावळ)

पाच लाखांपर्यंतची द्या. रक्त साठवायचा फ्रीज बिघडला तर निविदा निघेपर्यंत नमुने टिकत नाहीत. आमचे दोनदा नासले.

धुळेकर आप्पा

तीन.

केळीबाग रावेर

ताई, आमच्याकडे कपाशीवाले पण आहेत, फवारायला तीच पंचवीस-तीस माणसं फिरतात. ते रक्ताचं पुन्हा कोणी सुरू केलं तर मी त्यांना गोळा करून देतो. कधी येताय ते सांगा.

तापीकाठ (भुसावळ)

मे महिन्यात, दादा. जून लागला की उशीर होतो.

केळीबाग रावेर

मग सकाळी सहाला या. नऊनंतर बांधावर कोणी उभं राहणार नाही.