मदत हवी आहे: आई-बाबांना घेऊन हाराड्सच्या झाडावरच्या खोलीत एक रात्र

मंडळी, उत्तर स्वीडनमधल्या हाराड्सच्या ट्रीहोटेलमध्ये कुणी राहिलंय का?

मार्चमध्ये साताऱ्याहून आई-बाबा माझ्याकडे स्टॉकहोमला येणार आहेत. रात्रीच्या रेल्वेने बोडेनला जायचं आणि पुढे गाडी, असा बेत आहे. आईने तिथल्या मिररक्यूब नावाच्या खोलीचा फोटो पाहिला आणि कितीतरी वेळ बोट ठेवून शोधत राहिली, 'अगं, यात खोली कुठंय?' चार मीटरचा तो आरशांचा चौकोनी ठोकळा पाइनच्या खोडाभोवती आहे, आणि त्यात सगळं जंगलच दिसतं. पक्षी आपटू नयेत म्हणून काचेला अतिनील थर दिलाय, हे ऐकून तर तिने तिथेच जायचं ठरवलं.

पण तिचे गुडघे दुखतात. मिररक्यूबला झुलता पूल आहे. २०१७ची सेव्हन्थ रूम जमिनीपासून दहा मीटर उंच. ब्लू कोन या खोलीला (नाव ब्लू, रंग लाल!) पुलावरून त्यामानाने सहज जाता येतं असं वाचलंय. ते खरंच जमण्यासारखं आहे का? पुलावर बर्फ साचून घसरतं का?

दुसरं म्हणजे, बहुतेक खोल्यांत मैला जाळणारं टॉयलेट असतं आणि अंघोळीला वेगळ्या इमारतीत जावं लागतं. आई रात्री दोनदा तरी उठते. ते टॉयलेट वापरायला किचकट आहे का? बाबांना पहाटे अंघोळ लागतेच, मग थंडीत तेवढं चालणं झेपेल का?

आईच्या मनात हे फार आहे. तिला नाही म्हणायचं नाहीये मला. अनुभव असेल त्यांनी कृपया सविस्तर लिहा.