कूलरच्या टाकीतलं १० सेंमीचं कुटुंब: मुलांच्या स्टॉप-मोशन फिल्मसाठी मदत हवी

कोनाडा

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महाल भागात उन्हाळी शिबिर आहे: ९ ते १३ वयाची १२ मुलं, १० दिवस, रोज सकाळी ७ ते १०. पहिल्या दिवशी ‘ॲरिएटी’ हा जपानी ॲनिमेशनपट (स्टुडिओ जिब्ली, २०१०, ९४ मिनिटं) दाखवायचा आणि मग माणसांच्या घरात लपून राहणाऱ्या चिमुकल्यांची आपली दोन मिनिटांची स्टॉप-मोशन फिल्म (बाहुली किंचित हलवत एकेक फोटो काढून जोडलेली) मुलांकडूनच करून घ्यायची, असं ठरलं आहे.

गोष्ट मुलांनीच रचली. दिवाळीच्या सुमारास कूलर कापड बांधून गॅलरीत सरकवला जातो. त्याच्या कोरड्या टाकीत आई, बाबा आणि मुलगी असं कुटुंब राहायला येतं. होळी झाली की एका सकाळी कापड सुटतं, जुनं गवत ओरबाडून काढलं जातं आणि टाकीत पाइप सोडला जातो. त्या पाण्यातून त्यांना निघायचं आहे.

अडलं आहे ते असं: बाहुली केवढी करावी आणि आजूबाजूच्या वस्तूंचं माप कसं जुळवावं? टाकीत चढतं पाणी कसं दाखवावं? चाचणीच्या फोटोंत उजेड सारखा लुकलुकतो, तो का? मातीच्या बाहुल्या अर्ध्या तासात लोळागोळा होतात. आणि संत्र्याच्या सालीचा टब हवाच, असा मुलांचा हट्ट आहे. जाणकारांनी सविस्तर सांगावं, फोनवरच शूट करायचं आहे.

बर्डीकर

ताई, गोष्ट अस्सल नागपुरी आहे, बदलू नका. मेरी नॉर्टन यांची मूळ कादंबरी १९५२ ची, इंग्लंडातली. जिब्लीने ती टोकियोच्या पश्चिमेकडच्या कोगानेईत नेली, तर ती महालात यायला काहीच हरकत नाही.

आधी माप. ॲरिएटी १० सेंमीची आहे, तेच धरा. १६० सेंमीच्या माणसाशी हे १ ला १६ पडतं. घरातली कुठलीही वस्तू पट्टीने मोजा आणि १६ ने गुणा, म्हणजे ती तिला केवढी वाटेल ते कळतं. दहाचं नाणं २७ मिमीचं, तिच्यासाठी ४३ सेंमीची परात. ज्वारीचा ४ मिमीचा दाणा म्हणजे मोठं लिंबू. काड्यापेटी ५ सेंमी, म्हणजे ८० सेंमीची ट्रंक. जिन्याची १८ सेंमीची एक पायरी तिच्यासाठी जवळजवळ २.९ मीटर, अख्खा मजलाच. हा तक्ता मुलांकडून मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावा. नाहीतर एक गट पेनाच्या टोपणाची बादली करतो, दुसरा त्याच टोपणाचा पेला, आणि माणसं दर दृश्यात लहानमोठी होत राहतात.

बाहुलीघराचं तयार सामान बहुधा १ ला १२ च्या मापाचं असतं. १० सेंमीच्या माणसाला ती खुर्ची तिसऱ्या हिश्शाने मोठी होते. माप जुळलं तरी ते घेऊ नका. या प्रकारच्या फिल्मचा जीव उचलून आणलेल्या वस्तूंत असतो. ॲरिएटीचे वडील हातापायांना दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून चढतात, भिंतीच्या पोटात खिळ्यांवरून चालत जातात, आणि टाचणी ॲरिएटीची तलवार होते. तुमच्याकडे कूलरमध्येच खजिना आहे: जुन्या गवताच्या काड्या (तिच्यासाठी बांबू), मोटारीचा वॉशर, पंपाची जाळी, वायर बांधायचा प्लास्टिकचा पट्टा. त्या पट्ट्याचे दाते तिला शिडीसारखे चढता येतील.

कॅमेरा: फोन उलटा करा. कॅमेरा फोनच्या वरच्या टोकाला असतो, उलटा ठेवला की तो जमिनीपासून दोन-तीन सेंमीवर येतो. बाहुलीची नजर ९ सेंमीवर आहे, तिच्या वर कॅमेरा फार नेऊ नका. वरून घेतलं की ती खेळण्यातली बाहुली दिसते आणि सगळं संपतं. मॅक्रो मोड (अगदी जवळून फोटो घेण्याचा) बंद ठेवा, मागचं सगळं धूसर झालं की डोळा लगेच ओळखतो की वस्तू इवलीशी आहे. फोन ४०-५० सेंमी मागे, दुप्पट झूम, आणि भरपूर उजेड. माणूस अख्खा कधीच दाखवू नका. चपला, घोटे, पाइप धरलेला हात, एवढं पुरतं.

चौकट_बारा

माप बर्डीकरांनी सांगितलं, मी वेळेबद्दल लिहितो. माणूस चिमुकला वाटतो तो भोवतालच्या मोठ्या वस्तूंमुळे कमी आणि त्या वस्तू किती सावकाश हलतात त्यामुळे जास्त. हे मुलांना पहिल्याच दिवशी कळलं तर अर्धं काम झालं.

७५ सेंमीच्या टेबलावरून चमचा पडायला सुमारे ०.३९ सेकंद लागतात. सेकंदाला १२ फोटो धरले तर जेमतेम ५ फोटो. पण चिमुकलीसाठी ते टेबल १२ मीटरचं आहे, आणि १२ मीटरवरून पडायला दीड सेकंद लागतो. तेव्हा तिच्या नजरेतून दाखवताना तोच चमचा १९ फोटोंत पाडा. सूत्र सोपं आहे: १६ चं वर्गमूळ ४, म्हणून वेळ चौपट. अंतर मात्र सारखं वाटू नका, नाहीतर चमचा दोरीने सोडल्यासारखा उतरतो. पाचव्या फोटोला तो ५ सेंमी खाली, दहाव्याला २१, पंधराव्याला ४७, एकोणिसाव्याला ७५. चमच्याला पातळ तारेने स्टँडवर टांगा आणि मागे पट्टी उभी करून खुणा करा.

माणसाचा हात, पाऊल, गवताचा गठ्ठा, सगळं याच हिशेबाने चौपट सावकाश. चिमुकली माणसं मात्र चटचट हलतात. एकाच चौकटीत दोन गती दिसल्या की पाहणाऱ्याला काही सांगावं लागत नाही.

आता वजन. उंची सोळावा भाग झाली की वजन ४,०९६ वा भाग होतं. ६० किलोचा माणूस १५ ग्रॅमचा, म्हणजे दहाच्या दोन नाण्यांइतका. खरं पाहता अशा माणसाने मुंगीसारखं ओझं लीलया उचललं पाहिजे. पण तसं दाखवलं तर कष्ट दिसत नाहीत. माझं मत असं की ओझी गोष्टीच्या सोयीने जड ठेवा आणि पाणी मात्र खऱ्या नियमाने वागू द्या, कारण पाण्याचा नियम डोळ्याला ओळखू येतो. ‘ॲरिएटी’त चहा किटलीतून धार होऊन न पडता टपोरा थेंब होऊन पडतो, तो याचमुळे. ५ मिमीचा थेंब तिच्यासाठी ८ सेंमीचा चेंडू आहे.

थेंबासाठी साधं पाणी वापरू नका. आपल्याकडे मे महिन्यात ते शूटिंग चालू असतानाच आटतं आणि थेंब फोटोगणिक लहान होत जातो. मेडिकलमधून ग्लिसरीन आणा, त्यात तेवढंच पाणी मिसळा आणि ड्रॉपरने सोडा. खालच्या पृष्ठभागावर आधी मेणबत्ती घासली की थेंब पसरत नाही, टपोरा उभा राहतो. हलवायचा असेल तर टाचणीच्या डोक्याने ढकला.

पाइपची धार: गिफ्टला गुंडाळतात तो पारदर्शक कागद पिळून चार वेगवेगळ्या धारा करा आणि आलटून-पालटून लावा. क्रम मोडत राहा (१-३-२-४-२-१), एकच क्रम ठेवला तर डोळ्याला चक्र दिसतं. अर्ध्या इंची पाइपची धार तिच्या मापाने २० सेंमी जाडीची आहे, तिच्यापुढे ती कुठे उभी राहील ते त्यावरून ठरवा.

चढतं पाणी: तारेची चौकट करून तिच्यावर तोच कागद हलका चुरगळून ताणा आणि दर फोटोला १ मिमी वर उचला. चौकट चार कोपऱ्यांना स्क्रूवर बसवली तर उचलणं समान होतं. बाहुलीच्या भोवती कागद कापावा लागतो, त्या फटीवर ग्लिसरीनची ओळ फिरवा. पाणी कडेला किंचित वर चढलेलं दिसतं ना, तेच तिथे दिसेल.

एक हिशेब गोष्टीच्या कामाचा. टाकीचा तळ ६० बाय ६० सेंमी आणि पाइप मिनिटाला १० लिटर सोडत असेल, तर पाणी मिनिटाला २.८ सेंमी चढतं. म्हणजे पहिल्या मिनिटाला गुडघा, तिसऱ्याला गळा. कुटुंबाकडे खरोखर तीनच मिनिटं आहेत. तीन मिनिटांची घटना दोन मिनिटांच्या फिल्ममध्ये जवळजवळ तशीच बसते, फार कापाकापी लागणार नाही.

आणि ओलं झाल्यावरची चाल बदला. अंघोळ करून निघताना आपल्या अंगाला वजनाच्या जेमतेम एक टक्का पाणी चिकटतं. १० सेंमीच्या माणसाला हे प्रमाण सोळापट, म्हणजे १५ टक्क्यांच्या आसपास. ती पाण्यातून निघाली की पाय ओढत निघेल. कोरडी असताना एक पाऊल ४ फोटोंत, भिजल्यावर ८ फोटोंत.

इतवारी

लुकलुक दोन कारणांनी होते. पहिलं, फोन दर फोटोला उजेड स्वतःच ठरवतो. स्टॉप मोशन स्टुडिओसारख्या ॲपमध्ये एक्स्पोजर (उजेड किती घ्यायचा ते), फोकस आणि व्हाइट बॅलन्स (रंगांची झाक) तिन्ही लॉक करा, शटर १/५० सेकंदावर. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतो. १/५० मध्ये त्याची बरोबर दोन आवर्तनं बसतात, म्हणून प्रत्येक फोटोत उजेड सारखा येतो. दुसरं कारण, शेजारी एसी किंवा पाण्याची मोटर सुरू झाली की व्होल्टेज पडतं. त्यावर उपाय एकच: यूएसबीवर चालणारे दोन दिवे पॉवर बँकेवर लावा. वीज गेली तरी काम थांबत नाही.

खिडकीला आतून काळा कागद लावा. सकाळी ७ ते १० मध्ये ऊन खोलीभर फिरतं. मुलांना गडद कपडे घालून बोलवा, पांढऱ्या शर्टाचा उजेड बाहुलीवर पडतो आणि पोट्टं जरा हललं की फोटोत झाक बदलते.

माती सोडा. एप्रिल-मेमध्ये तेलाची रंगीत माती हाताच्या उबेनेच वितळू लागते. सांगाडा १.५ मिमी ॲल्युमिनियमच्या तारेचा करा. एका बाहुलीला ६० सेंमी तार लागते. दुमडून दोन पदरी पिळा, पण पीळ फार घट्ट नको, घट्ट पिळलेली तार लवकर तुटते. जीआयची (जस्त चढवलेली लोखंडी) तार घेऊ नका, हात वाकवला की परत उसळतो. कोपर आणि गुडघा पंचवीस-तीस वेळा मोडून सरळ केला की ॲल्युमिनियमही तुटतं, म्हणून प्रत्येक पात्राच्या दोन बाहुल्या तयार ठेवा. डोकं २० मिमीच्या लाकडी मण्याचं. अंगावर मेडिकलमधली कागदी टेप गुंडाळायची, त्यावर कपडा.

कपडा जुन्या मलमलचा. जाड विणीच्या कापडाचे धागे फोटोत दोरखंडासारखे दिसतात आणि माप उघडं पडतं. एक भाग फेविकॉल, तीन भाग पाणी असं मिश्रण लावून घड्या बसवून वाळवा. तसं नाही केलं तर दर फोटोला बोटाने सुरकुती बदलते आणि कपडा उकळल्यासारखा थरथरतो.

पायात ५ बाय २ मिमीचा चुंबक, खाली तेलाच्या पिप्याचा पत्रा, वर कागद. पत्रा मोठ्यांनीच कापायचा आणि कडा दुमडायच्या. चुंबक मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे. दोन चुंबक पोटात गेले तर आतडं मध्ये चिमटतं, हा गंभीर धोका आहे.

संत्र्याची साल नको. मेमध्ये चांगलं नागपुरी संत्रं बाजारात नसतंच: आंबिया बहाराची फळं ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत. मिळालं तरी साल तासाभरात आक्रसते, फिल्ममध्ये टब आपोआप मिटताना दिसेल. चेंडूवर टिश्यू पेपरचे सहा थर फेविकॉलने चढवा, ओला असताना शेवटच्या थरावर टूथब्रशच्या केसांनी टोचून खड्डे पाडा, वाळल्यावर नारिंगी रंग, आतून पिवळट पांढरा.

शूटिंगच्या खोलीत कूलर लावू नका. वारा तर आहेच, शिवाय दमट हवेने पुठ्ठा फुगतो आणि भिंती वाकतात.

कोनाडा

मनापासून आभार. चौकट_बारा भाऊ, दोन मिनिटं म्हणजे १,४४० फोटो झाले. मुलांना झेपेल का? आणि आवाजाचं कोणी सांगेल का?

चौकट_बारा

ताई, चार-चारचे तीन गट करा. पहिले तीन दिवस बनवण्यात, शेवटचा आवाजाला, मधले सहा शूटिंगचे. तीन सेट, सहा दिवस, म्हणजे १८ बैठका आणि बैठकीला ८० फोटो. झेपतं. एक हलवेल, एक फोटो काढेल, एक वहीत नोंद करेल आणि चौथा फक्त पाहील की कोणाचं बोट चौकटीत राहिलं नाही. फोनला हात लावू देऊ नका, तारेच्या इअरफोनच्या बटणाने शटर दाबता येतं. फक्त आधी ते ॲपमध्ये चालतं का हे तपासून घ्या.

कानोसा

आवाजातही हाच हिशेब. आपल्याला जे बारीक आहे ते तिच्यासाठी प्रचंड, आणि प्रचंड वस्तूचा आवाज खर्जातला असतो. ‘ॲरिएटी’त स्वयंपाकघरातलं घड्याळ कसं घुमतं ते मुलांना डोळे मिटून ऐकवा.

खरे आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करून ऑडॅसिटीत (संगणकावरच्या ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरमध्ये) टाका आणि वेग निम्मा करा. आवाज दुप्पट लांब होतो आणि एक सप्तक खाली उतरतो. रिकाम्या टाकीवर मारलेली टिचकी निम्म्या वेगात ढगासारखी गडगडते. गवत ओरबाडल्याचा आवाज निम्म्यानेच करा, पाव केला की नुसती घरघर राहते. मुद्रणाच्या वेळी फोन वस्तूपासून हातभर अंतरावर असू द्या, अगदी जवळ धरला तर आवाज फाटतो.

कुटुंबाचे आवाज मात्र कोरडे आणि जवळचे हवेत. पावलांसाठी बोटाच्या पेराने जाड कागदावर टकटक, कपड्यासाठी मलमल कानाजवळ चोळलेली. माणसांचं बोलणं खाली उतरवून शब्द न कळण्याइतपत ठेवा, एक ‘अगं पाइप धर’ तेवढं कळू द्या. त्यानंतर दोन सेकंद काहीच नको. मग पहिला थेंब.

सिनेमा दाखवण्याबाबत एक. घरगुती डीव्हीडी किंवा ऑनलाइन सदस्यत्व घरी पाहण्यापुरतं असतं, सोसायटीच्या हॉलमध्ये जाहीर दाखवायला परवानगी लागते. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये शाळेच्या उपक्रमात विद्यार्थी, शिक्षक आणि पालकांपुरतं दाखवायला सूट आहे. शिबिर एखाद्या शाळेमार्फत आणि तिच्याच मुलांसाठी असेल तर त्या शाळेशी बोलून घ्या, नसेल तर हक्कधारकाकडून लेखी परवानगी आधी मागवा.