दूध तोडलेल्या पिल्लांच्या खाद्यात वनस्पतिजन्य स्वाद : सुरुवात मादीपासून करावी का?

प्रश्न :
आमच्याकडे डुकरांच्या पिल्लांचे दूध २८व्या दिवशी तोडले जाते. पुढचे दोन दिवस बरीच पिल्ले खाद्याला तोंड लावत नाहीत. गव्हाणीजवळ येतात, हुंगतात आणि कोपऱ्यात एकमेकांच्या अंगावर जाऊन पडतात. चौथ्या दिवशी मात्र तीच अधाशासारखी खातात आणि त्यांना हगवण लागते. या काळातील खाद्यात बडीशेप, दालचिनी व ओवा यांच्या अर्कांचे मिश्रण घालण्याचा सल्ला मिळाला आहे. त्याने खाणे खरोखर वाढते का, आणि ते मादीलाही द्यावे काय?

उत्तर १ :
शेवटी विचारलेली गोष्टच खरी महत्त्वाची आहे. मादीच्या खाद्यातील काही सुगंधी घटक गर्भजलात आणि पुढे दुधात उतरतात, त्यामुळे पिल्लू जन्मापूर्वीच त्या वासाला सरावते. बडीशेपेच्या वासाचा मुख्य घटक असलेल्या अनेथोलच्या स्वादावर डुकरांमध्ये असे प्रयोग झाले असून, गाभणकाळाच्या अखेरीस मादीने तो स्वाद खाल्ला असता तिच्या पिल्लांचे दूध तोडल्यानंतरचे खाणे व वाढ सुधारल्याचे आढळले आहे. गाभणकाळ सुमारे ११४ दिवसांचा असतो. त्यातील शेवटच्या तीन-चार आठवड्यांपासून सुरुवात करून, तोच स्वाद पाजणाऱ्या मादीच्या आणि पिल्लांच्या खाद्यात चालू ठेवावा. आई गेली, जागा बदलली, सोबती बदलले, अशा दिवशी नवाच वास पुढे केला तर परक्या गोष्टींत आणखी एकीची भर पडते.

उत्तर २ (पशुवैद्य) :
स्वाद आणि औषधी गुण यांची गल्लत करू नये. ओव्यातील थायमॉल आणि दालचिनीतील सिनामाल्डिहाइड जंतूंना रोखतात हे खरे, परंतु ते तिखट-उग्र असल्यामुळे मात्रा वाढली की पिल्ले खाद्य टाकतात. युरोपीय संघाने २००६ पासून वाढीसाठी प्रतिजैविके देण्यावर आणि २०२२ पासून हगवण रोखण्यासाठी औषधी मात्रेत दिल्या जाणाऱ्या झिंक ऑक्साइडवर बंदी घातल्यानंतर या अर्कांकडून फार अपेक्षा केल्या जाऊ लागल्या. पिल्लू उपाशी राहिले की अन्नरस शोषणारे आतड्याचे अंकुर खुरटतात; मग एकदम खाल्लेली प्रथिने न पचता मोठ्या आतड्यात जातात, तेथे जंतू माजतात आणि हगवण लागते. म्हणून पहिल्या २४ तासांत थोडे तरी पोटात जायला हवे. खाद्यातील प्रथिनांचे प्रमाण आणि पाण्याच्या निपलची धार आधी तपासा. तहानलेले पिल्लू खात नाही.

उत्तर ३ :
मी खाद्य बनवतो, म्हणून एवढेच सांगतो : ही तेले उडून जाणारी आहेत. खाद्याच्या गोळ्या (पेलेट) करताना वाफेच्या उष्णतेने त्यांचा बराच भाग निघून जातो, त्यामुळे आवरणयुक्त स्वरूपातील मिश्रण घ्यावे. उघडून ठेवलेले पोते आठवड्याने हुंगून पाहा, म्हणजे मी काय म्हणतो ते लक्षात येईल. पाजणारी मादी उन्हाळ्यात कमी खाते तेव्हा स्वादाचा उपयोग बेताचाच असतो. गव्हाणीतील आंबलेले खाद्य काढून थंड वेळी ताजे दिलेले अधिक उपयोगी पडते.

प्रश्नकर्ता :
आभारी आहे. निम्म्या माद्यांना केवळ बडीशेपेचा स्वाद देऊन, दूध तोडल्यापासून पहिल्या तीन दिवसांचे खाणे आणि सातव्या दिवसाचे वजन यांची तुलना करीन.

उत्तर १ :
दोन्ही गट एका खोलीत ठेवू नका. वास हवेतून पसरतो, आणि मग तुलनेला अर्थ उरत नाही.